जोखीम कुणाची, मोबदला कशाचा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात मुलांना गणित शिकवलं. त्यामुळे आज मी चार आकडे मांडले तर ते रागावणार नाहीत, एवढी खात्री आहे. तुम्ही रागावाल की नाही, ते तासाभरानं कळेल.

विषय जाहीर झाल्यावर संयोजकांना काहींनी विचारलं म्हणे, की पोर्टफोलिओ आणि परतावा हे मुंबईचे विषय, ते हिंगोलीत कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मी उलट विचारतो. या सभागृहात अशी किती घरं आहेत, जिथे एकाचीही म्युच्युअल फंडात एसआयपी नाही? स्वतःची नसेल, तर पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाची असेल, सुनेची असेल. शिक्षक मंडळी इथे बरीच दिसतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे नोकरीला लागले आणि ज्यांचं खातं राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये आहे, त्यांच्या म्हातारपणाच्या पैशातला काही भाग दर महिन्याला शेअर बाजारात जातोच. त्यांना कुणी विचारलंही नसेल. म्हणजे बाजार हिंगोलीत केव्हाच येऊन बसला आहे. त्याचा हिशेब कसा तपासायचा, ते मात्र अजून आलेलं नाही. आज त्या हिशेबाविषयी बोलू.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कोणता शेअर घ्यावा, हे मी सांगणार नाही. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांचा चेहरा पडला, पण त्याला इलाज नाही.

पहिला मुद्दा: परतावा एकटा काहीच सांगत नाही.

एक जुनं वर्ष घेऊ, २००९. त्या वर्षात निफ्टी हा शेअर निर्देशांक सुमारे ७६ टक्के वाढला. आता समजा, २०१० च्या जानेवारीत एक एजंट तुमच्या ओसरीवर येऊन बसला. चहा घेतला. म्हणाला, 'काका, आमच्या फंडानं वर्षात ६५ टक्के दिले.' पासष्ट टक्के! बँक सात-आठ टक्के देते तिथे पासष्ट! कुणाचा हात खिशाकडे जाणार नाही? पण त्याच वर्षी कुणीही, काहीही डोकं न चालवता, निफ्टीतल्या ५० कंपन्या जशाच्या तशा घेऊन झोपून राहिला असता, तर त्याला ७६ मिळाले असते. मग त्या फंडाच्या मॅनेजरनं ६५ मिळवले म्हणायचे, की ११ घालवले म्हणायचे?

आता त्याच्या आदलं वर्ष घ्या, २००८. निफ्टी जवळपास ५२ टक्के कोसळला. समजा एखाद्या फंडाचं नुकसान ४० टक्क्यांवर थांबलं. त्याला सगळ्यांनी शिव्याच घातल्या असत्या. पण त्यानं बाजारापेक्षा बरं केलं होतं की नाही? केलं होतं. जाता जाता हेही पाहा: २००८ च्या सुरुवातीचे १०० रुपये वर्षाअखेर ४८ झाले, आणि पुढच्या वर्षी ७६ टक्के वाढूनही ते ८५ वरच पोचले. ७६ हा आकडा ५२ पेक्षा मोठा दिसतो, पण पैसे तर कमीच उरले. टक्केवारी अशी फसवते.

तेव्हा 'किती मिळाले?' हा प्रश्न अर्धा आहे. त्याला दोन प्रश्न जोडावे लागतात. त्याच काळात बाजारानं आपणहून किती दिलं? आणि हे मिळवताना जोखीम किती उचलली? हे तिन्ही प्रश्न एका ओळीत मांडणारं जे सूत्र आहे, त्याचं नाव कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल. अर्थशास्त्राची मंडळी त्याला लाडानं 'कॅपएम' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

दुसरा मुद्दा: हे सूत्र आलं कुठून?

१९५२ साली हॅरी मार्कोविट्झ नावाच्या तरुण अमेरिकन अभ्यासकानं एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की शेअर एकेकटा पाहू नका, सगळा संच मिळून कसा वागतो ते पाहा. दोन शेअर एकाच वेळी पडत नसतील, तर दोन्ही मिळून घेतल्यावर धोका कमी होतो. यात नवीन काय, असं इथला कुणीही शेतकरी म्हणेल. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक आपण घेतोच की! नवीन एवढंच, की त्यानं ते गणितात बसवलं.

पुढे १९६४ मध्ये विल्यम शार्प यानं त्यावर कळस चढवला. गंमत म्हणजे ज्या नियतकालिकाकडे त्यानं निबंध पाठवला, तिथल्या परीक्षकाला तो आधी पटला नाही. सगळे गुंतवणूकदार भविष्याचा सारखाच अंदाज बांधतात, हे त्यातलं गृहीतक त्याला अवास्तव वाटलं. नंतर तोच निबंध छापून आला आणि १९९० मध्ये शार्प, मार्कोविट्झ आणि मर्टन मिलर यांना मिळून नोबेल मिळालं. जॅक ट्रेनर, जॉन लिंटनर आणि यान मॉसिन हे तिघेही त्याच सुमारास वेगवेगळ्या वाटांनी जवळजवळ त्याच ठिकाणी पोचले होते.

शार्पनं प्रश्न असा टाकला. सगळ्यांनी आपापला पैसा शहाणपणानं वाटून ठेवला, तर बाजार कोणत्या जोखमीचा मोबदला देईल? आणि त्याचं उत्तर फार निष्ठुर आहे. जोखीम दोन प्रकारची असते. एक, वाटून टाकली की नाहीशी होणारी: एखाद्या कारखान्यात संप झाला, एखाद्या कंपनीचा मालक लबाड निघाला. दुसरी, कितीही वाटली तरी न जाणारी: मंदी आली, महामारी आली, सगळेच पडले. २३ मार्च २०२० आठवा. त्या एका दिवसात निफ्टी १३ टक्के पडला. त्या दिवशी दहा कंपन्यांचे शेअर असोत की शंभर, फारसा फरक नव्हता.

शार्प म्हणतो, बाजार मोबदला देतो तो फक्त या दुसऱ्या जोखमीचा. पहिलीचा नाही. कारण जी टाळता येत होती, ती तुम्ही हौसेनं उरावर घेतली, त्याचे पैसे बाजारानं का द्यावेत? हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे हिंगोलीला आलो की ते आपल्याला टोचणार आहे.

तिसरा मुद्दा: सूत्र वापरायचं कसं?

सूत्रात तीनच गोष्टी आहेत. एक, जोखीममुक्त दर, म्हणजे सरकारी ट्रेझरी बिलावर किंवा रोख्यावर मिळणारं व्याज. दोन, बाजारानं त्या दरापेक्षा जास्त किती दिलं. तीन, बीटा. बाजार १ टक्का हलला की आपला संच सरासरी किती हलतो, त्याला बीटा म्हणतात. बाजाराचा स्वतःचा बीटा १. बीटा १.३ असेल, तर बाजार १० टक्के चढल्यावर आपण अंदाजे १३ चढू आणि तो १० पडल्यावर आपण १३ पडू. मग अपेक्षित परतावा किती? जोखीममुक्त दर, अधिक बीटा गुणिले बाजाराचं जास्तीचं देणं. झालं सूत्र.

करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. जोखीममुक्त दर ७, बाजार १२. म्हणजे बाजाराचं जास्तीचं देणं ५. पहिल्या फंडाचा बीटा १.३, त्यानं दिले १३ टक्के. दुसऱ्याचा बीटा ०.७, त्यानं दिले साडेअकरा. जाहिरात कुणाची लागेल? पहिल्याची. त्यानं बाजाराला हरवलं ना! पण पहिल्याकडून अपेक्षा किती होती? पाच गुणिले १.३ म्हणजे साडेसहा, अधिक ७, झाले साडेतेरा. दिले तेरा. म्हणजे अर्धा टक्का कमीच. दुसऱ्याकडून अपेक्षा? पाच गुणिले ०.७ म्हणजे साडेतीन, अधिक ७, साडेदहा. दिले साडेअकरा. एक टक्का वरचढ. या वरच्या-खालच्या फरकाला अल्फा म्हणतात. मॅनेजरचं जे काही कसब असेल, ते या अल्फात असतं. बाकी सगळं बाजाराचं.

पडत्या वर्षातही हेच. बाजार २० टक्के पडला. ०.७ बीटाच्या फंडाची अपेक्षित घसरण जवळपास १२ टक्के येते. तो ९ च पडला असेल, तर त्यानं तीनेक टक्के वाचवले. पैसे गेले तरी काम चोख झालं, असं म्हणणारा हिशेब तुम्ही दुसरीकडे पाहिला आहे?

हे समजायला आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत होणारा अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक फरक टिपायचा! पण जमीन थोडीच गप्प बसते? ट्रक जातो, वारा सुटतो, आणि आपल्या पांगरा शिंदे गावच्या लोकांना तर जमिनीखालचे आवाज काही नवे नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ आधी जमिनीची थरथर ओळखतात आणि ती बाजूला काढतात. मग जे उरेल, तेच आकाशातून आलेलं. कॅपएमचं काम नेमकं हेच. बाजाराची थरथर बाजूला काढा, उरलं तर कसब, न उरलं तर नुसता गाजावाजा.

आणि बहुतेक वेळा उरतं किती? १९६८ मध्ये मायकेल जेन्सन यानं अमेरिकेतल्या ११५ म्युच्युअल फंडांचा १९४५ ते १९६४ असा वीस वर्षांचा हिशेब याच सूत्रानं तपासला. खर्च वजा जाता सरासरी अल्फा उणे निघाला, वर्षाला साधारण १.१ टक्का. हुशार माणसं, मोठाली ऑफिसं, आणि हाती काय? उणे! १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातल्या कंपन्या जशाच्या तशा घेणारा फंड काढला, तो याच अनुभवाच्या जोरावर: बाजाराला हरवता येत नसेल, तर निदान स्वस्तात त्याच्याबरोबर तरी चला.

चौथा मुद्दा आपल्याकडचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

युनिट ट्रस्टनं १९८६ मध्ये मास्टरशेअर नावाची योजना आणली. मुख्यतः शेअरमध्ये पैसा गुंतवणारी देशातली ती पहिली मोठी योजना. सामान्य माणसाला शेअर बाजाराचं दार उघडलं, म्हणून तिचं कौतुक झालं. १९९१ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधले समीर बरुआ आणि जयंत वर्मा यांनी 'विकल्प' या तिथल्या नियतकालिकात तिचा हिशेब मांडला, तोही कॅपएमच्याच चौकटीत. निष्कर्ष काय निघाला? बीटाच्या मापानं योजना उत्तम. एकूण चढ-उताराच्या मापानं मात्र तेवढी बरी नाही. म्हणजे योजना मोठ्या गुंतवणूकदारांसाठी घबाड होती. लहान गुंतवणूकदारांसाठी तेवढी नव्हती.

एकाच योजनेबद्दल दोन निकाल? हो, आणि दोन्ही खरे. कसे, ते मघाच्या दुसऱ्या फंडावरून पाहू. त्याचा अल्फा एक टक्का, छान. पण समजा, त्याचे एकूण चढ-उतार मोजले तर प्रमाण विचलन आलं २०, आणि बाजाराचं आहे १६. आता जोखमीच्या प्रत्येक एककामागे जास्तीचं किती मिळालं? बाजाराला ५ भागिले १६, म्हणजे ०.३१. या फंडाला साडेचार भागिले २०, म्हणजे ०.२३ सुद्धा नाही. या मापाला शार्प गुणोत्तर म्हणतात. बीटानं पाहिलं तर फंड पहिल्या नंबरात, शार्पनं पाहिलं तर बाजाराच्याही मागे.

मग खरं माप कोणतं? ते तुम्ही कोण आहात, यावर ठरतं. ज्याच्याकडे अशा दहा योजना आहेत, चार शहरांत घरं आहेत, त्याच्यासाठी या एका योजनेचे स्वतःचे हेलकावे इतरांच्यात मिसळून जातात. त्याला बीटा पुरतो. पण ज्यानं पोटाला चिमटा काढून साठवलेले सगळे पैसे याच एका योजनेत टाकले, त्याला प्रत्येक हेलकावा अंगावर घ्यावा लागतो. त्याला बीटा पुरत नाही. लहान माणसाला मोठ्या माणसाचं माप लावलं, की हिशेब बरोबर येतो आणि माणूस बुडतो.

आता पाचवा मुद्दा. आपण हिंगोलीला आलो.

रिचर्ड रोल नावाच्या अभ्यासकानं १९७७ मध्ये या सूत्रावर मुळावरच घाव घातला. तो म्हणाला, तुम्ही ज्याला 'बाजार' म्हणता, तो शेअर निर्देशांक म्हणजे सगळा बाजार नव्हे. खऱ्या बाजारात सगळी संपत्ती यायला हवी: जमीन, घर, सोनं, माणसाची कमावण्याची ताकद. ती सगळी मोजताच येत नाही, त्यामुळे तुमचं सूत्र खरं की खोटं, हेही कधी नीट तपासता येणार नाही. रोल अमेरिकेत बसून हे बोलत होता, पण वाटतं की तो आपल्या वसमतबद्दलच बोलत होता.

आपल्याकडच्या सरासरी घराची संपत्ती कुठे असते? निफ्टीत? असते ती शेतात. असते अंगावरच्या सोन्यात. असते संत नामदेव हळद मार्केट यार्डात उतरवलेल्या पोत्यांत. हळद घ्या. मे-जूनमध्ये बेणं लावायचं, आठ-नऊ महिने सांभाळायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला काढायचं, शिजवायचं, वाळवायचं, पॉलिश करायचं आणि मग बिटावर उभं राहायचं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्याला अभिमान आहे. पण भाव? २०२३ च्या उन्हाळ्यात क्विंटलला सहा-सात हजारांत घुटमळणारी हळद त्याच पावसाळ्यात दुपटीच्या पलीकडे गेली. ज्यानं एप्रिलमध्ये विकली तो हळहळला, ज्यानं ठेवली तो शहाणा ठरला. पुढच्या वर्षी हे उलटंही होऊ शकतं. एवढे हेलकावे निफ्टीतल्या बड्या कंपन्यांत क्वचितच दिसतात.

आता कॅपएमला विचारा, या शेतकऱ्याला जोखमीचा मोबदला किती? सूत्र आधी बीटा बघेल. हळदीचा भाव निफ्टीला विचारून ठरत नाही. तो ठरतो लागवडीच्या क्षेत्रावर, निजामाबाद, इरोड आणि सांगलीच्या आवकेवर, निर्यातीच्या मागणीवर, पावसावर. म्हणजे बीटा किरकोळ. म्हणजे सूत्राच्या लेखी तुमची जोखीम टाळता येण्याजोगी. म्हणजे मोबदला जवळजवळ शून्य!

आठवतं मघाचं वाक्य? बाजार टाळता येणाऱ्या जोखमीचे पैसे देत नाही. पण टाळता कुणाला येते? मुंबईत बसून हजार ठिकाणी पैसे लावणाऱ्याला. ज्याच्याकडे चार एकर आणि एकच विहीर आहे, त्यानं आपली जमीन हजार ठिकाणी कशी वाटायची? २०१५ च्या दुष्काळात सगळ्यांचीच विहीर आटली. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत कयाधू नदीकाठचं सगळ्यांचंच सोयाबीन पाण्याखाली गेलं. त्या दिवसांत निफ्टीला त्याची गंधवार्ताही नव्हती. म्हणून मी म्हणतो, हे सूत्र आपल्याला एक कडू पण उपयोगी सत्य सांगतं. शेतकरी दोन्ही प्रकारची जोखीम सोसतो आणि मोबदला मिळालाच तर एकीचाच मिळतो.

मग हे सूत्र फेकून द्यायचं? नाही. ते आपल्या मापाचं करून घ्यायचं. निफ्टीशी बीटा असतो, तसा आपल्या शिवाराशीही बीटा असतो. आपलं शिवार बुडालं, तर आपली ही गुंतवणूक किती बुडेल? हा तो प्रश्न. सूत्राच्या पुस्तकांत तो या शब्दांत सापडणार नाही, पण त्याचं तर्कशास्त्र शंभर टक्के शार्पचंच आहे: जोखीम एकटीची नाही, संचाची मोजायची. आणि तुमच्या संचात तुमचं शेत आधीच आहे.

लावून पाहू. तालुक्यातल्या पतसंस्थेतली ठेव. कागदावर १२ टक्के, आणि व्याज ठरल्या दिवशी हातात. किती शांत वाटते! पण पतसंस्था कर्ज कुणाला देते? याच तालुक्यातल्या शेतकऱ्याला, आडत्याला, खत-बियाण्यांच्या दुकानदाराला. शिवार बुडालं की त्यांची वसुली थांबते, आणि ज्या वर्षी तुम्हाला ठेव मोडायची असते, नेमक्या त्याच वर्षी काउंटरवर रांग लागते. मराठवाड्यात अलीकडे मल्टिस्टेट पतसंस्थांच्या दारात लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्या आहेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. सरकारी रोखा सात देत असताना कुणी बारा देतो, तेव्हा वरचे पाच कशाचे? हा कॅपएमचा पहिलाच प्रश्न, आणि तो विचारायला पदवी लागत नाही.

तालुक्याच्या गावातला प्लॉट घ्या. त्याला गिऱ्हाईक कधी येतं? हळद-सोयाबीनला भाव मिळालेल्या वर्षी. म्हणजे शिवाराशी बीटा जबर. भाव वाढेल म्हणून घरात साठवलेली हळद? ती तर शिवारच.

आणि आता बघा गंमत. निफ्टीचा साधा इंडेक्स फंड. एकटा पाहिला तर भीतीच वाटते, कारण वर्षात पन्नास टक्के पडल्याचा इतिहास आहे. पण हिंगोलीचा पाऊस हुकला म्हणून मुंबई-बंगळुरूच्या कंपन्यांचा नफा बुडत नाही. म्हणून हळद पिकवणाऱ्या घराच्या संचात थोडा इंडेक्स फंड घातला, तर तो एकूण जोखमीत भर घालतो ती पतसंस्थेतल्या त्या शांत ठेवीपेक्षा कमीही असू शकते. पगार पावसावर नसलेल्या शिक्षकाचं गणित वेगळं, आडत्याचं आणखी वेगळं. अर्थात पेरणीचा पैसा, पोरीच्या फीचा पैसा, दवाखान्याचा पैसा बाजारात टाकायचा नाही. २००८ मध्ये १०० चे ४८ झालेले रुपये परत ८५ व्हायलाही वर्ष लागलं होतं. ज्याला थांबणं परवडत नाही, त्याच्यासाठी सरासरी कुचकामी आहे.

सहावा आणि शेवटचा मुद्दा: या सूत्रावर विश्वास किती ठेवायचा?

डोळे मिटून नाही. १९९२ मध्ये युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी दाखवलं, की अमेरिकेतल्या शेअरांच्या परताव्याचं स्पष्टीकरण एकट्या बीटाला देता येत नाही. कंपनीचा आकार आणि तिच्या पुस्तकी किमतीचं बाजारभावाशी नातंही पाहावं लागतं. कुणी लहान कंपन्यांचे शेअर भरून ठेवले आणि अल्फा मिरवला, तर तो अल्फा नसून दुसऱ्याच कुठल्या जोखमीचं भाडं असू शकतं.

दुसरी सावधगिरी आपल्या घरातली. युनिट ट्रस्टची यूएस-६४ आठवते? १९६४ पासूनची योजना. कितीतरी निवृत्त माणसांनी तिला बँकेसारखं मानलं. किंमत कधी पडायची नाही, लाभांश नियमित. कुणी बीटा काढला असता तर जवळजवळ शून्य निघाला असता. आतमध्ये मात्र शेअर भरलेले होते, आणि युनिटची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवत होता. २००१ च्या जुलैत खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद झाली, तेव्हा खरी जोखीम कळली. धडा सरळ आहे. बीटा काढायला खरी, रोजची किंमत लागते. ज्याची किंमत रोज छापून येत नाही, ते स्थिर वाटतं, स्थिर असतंच असं नाही. प्लॉटचं तेच, पतसंस्थेचं तेच.

तर मंडळी, सारांश.

परतावा एकटा पाहू नका, त्यातून बाजाराचा वाटा वजा करा. तो वजा करताना लाभांश धरून मोजलेला निर्देशांक वापरा, त्याला टीआरआय म्हणतात. बाजाराची नियामक संस्था सेबीनं फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना तोच बंधनकारक केला, कारण त्याआधी फंड स्वतःचा परतावा लाभांशासह दाखवत आणि निर्देशांक लाभांशाविना. वर्षाला साधारण एक ते दीड टक्का फुकटची शाबासकी! दुसरं, बीटा पाहा आणि गुणाकार करा. फंडाच्या मासिक फॅक्टशीटवर बीटा, प्रमाण विचलन आणि शार्प गुणोत्तर छापलेलं असतं. तो कागद फुकट मिळतो. एका वर्षाचे आकडे पाहू नका, चढता आणि पडता असे दोन्ही काळ त्यात यायला हवेत. तिसरं, सगळी पुंजी एकाच ठिकाणी असेल, तर बीटाच्या आधी शार्प गुणोत्तर पाहा. मास्टरशेअरचा धडा तोच. आणि चौथं, प्रत्येक गुंतवणुकीला विचारा: माझं शिवार बुडेल त्या वर्षी तू कुठे असशील?

उद्या कुणी तुमच्या ओसरीवर येऊन '१८ टक्के दिले' म्हणाला, तर त्याला पाणी द्या, चहा द्या, आणि विचारा: बाजारानं किती दिले? बीटा किती? उत्तर आलं तर माणूस कामाचा. उत्तराऐवजी 'काका, तुम्ही कशाला त्यात पडता' असं आलं, तर चहा संपू द्या आणि निरोप द्या. पेरणीची जोखीम आपल्याला टाळता येत नाही, ती आपण सोसू, पिढ्यानपिढ्या सोसत आलो आहोत. पण जी टाळता येते, जिच्यासाठी बाजार एक छदामही देत नाही, ती आपल्या कष्टाच्या बचतीवर का म्हणून लादून घ्यायची?